फ्री ट्रेडिंग सेमिनारला चाललात? आधी हे वाचा, मग खुशाल जा

कापसाचा पैसा हातात यायला लागला की जळगाव, धुळे, शिरपूर, शहादा, चाळीसगाव सगळीकडे फोनवर त्या जाहिराती सुरू होतात, "फक्त ९९ रुपयांत शेअर मार्केट शिका, मराठीतून, तुमच्याच शहरात". भुसावळ-वरणगावकडे तर रिटायरमेंटचा सीझनच वेगळा, रेल्वेतून किंवा फॅक्टरीतून माणूस सुटला, ग्रॅच्युइटी आणि पीएफ खात्यात पडला की महिन्याभरात कोणीतरी ओळखीचा फोन करतो, "नाना, रविवारी मोकळे आहात का? एक प्रोग्रॅम आहे, जेवण पण आहे."

मी जाऊ नका म्हणत नाही. मार्केट शिकणं वाईट नाही आणि सगळे शिकवणारे चोर पण नाहीत. पण या सेमिनारची बांधणी एकाच गोष्टीवर असते, तुम्ही हॉलच्या बाहेर पडायच्या आत पैसे भरले पाहिजेत. कारण त्यांना पक्कं माहीत असतं की घरी जाऊन शांत डोक्याने विचार केला की बहुतेक माणूस भरत नाही. म्हणून खाली जेवढ्या पायऱ्या सांगून राहिलो त्या सगळ्यांचा रोख एकच, निर्णय हॉलच्या बाहेर आणायचा.

पायरी १: जायच्या आधी घरी करायची कामं

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि हीच लोक करत नाहीत.

आदल्या दिवशी बँकेचं ॲप उघडा आणि यूपीआयची रोजची लिमिट दोन-तीन हजारावर आणून ठेवा. क्रेडिट आणि डेबिट कार्डचं ऑनलाइन आणि स्वाइप मशीनवरचं व्यवहार बंद-चालू करायचं बटण ॲपमध्येच असतं, ते बंद करा, नाहीतर सरळ कार्डं घरी ठेवा. पॅन कार्ड, आधार कार्ड, चेकबुक यातलं काही सोबत न्यायचं नाही. शिकायला चाललोय तर आधार कशाला लागेल? लागतं ते कर्जाला, आणि त्या कर्जाचं मी पुढे सांगतो.

घरात आधीच बोलून घ्या, नवरा-बायको दोघांनी. "काहीही झालं तरी त्या दिवशी पैसे भरायचे नाहीत, कितीही चांगलं वाटलं तरी दोन दिवसांनी ठरवू." हे आधी ठरलेलं असलं की तिथे वाद होत नाही. कन्फर्मेशन कॉलवर पोरगी गोड आवाजात "सर, मॅडमना पण नक्की आणा, कपल एंट्री फ्री आहे" म्हणते त्यामागे तुमच्या संसाराची काळजी नाहीये. "घरी विचारून सांगतो" ही आपली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात चांगली पळवाट आहे, तीच त्यांना बंद करायची असते.

मग नाव तपासा. शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था म्हणजे सेबी, तिच्या साइटवर (सेबी डॉट जीओव्ही डॉट इन) नोंदणीकृत मध्यस्थांच्या याद्या आहेत. पैसे घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याला २०१३ च्या नियमांनुसार इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायजर म्हणून नोंदणी लागते, त्याचा नंबर आयएनए या तीन अक्षरांनी सुरू होतो. रिसर्च ॲनालिस्टचा, म्हणजे शेअरचा अभ्यास करून घ्या-विका सांगणाऱ्याचा, नंबर आयएनएच ने सुरू होतो, त्यांचे नियम २०१४ चे. नुसता नंबर आहे म्हणून खूश होऊ नका, त्या नंबरापुढे नाव कोणाचं आहे, पत्ता कुठला आहे, यादीत फोन किंवा ईमेल आहे तो बॅनरवरच्याशी जुळतो का ते बघा. दुसऱ्याचाच नंबर छापणारे असतात.

आणि बॅनरवर जे बाकीचे लोगो असतात ना, आयएसओ, एमएसएमई उद्यम, स्टार्टअप इंडिया, त्यांचा शेअर मार्केट येतं की नाही याच्याशी काहीही संबंध नाही. उद्यम नोंदणी तर ऑनलाइन फुकट होते, पिठाच्या गिरणीची पण होते. एनआयएसएमची (सेबीनेच काढलेली प्रशिक्षण संस्था) परीक्षा पास असणं चांगलं, पण ते परीक्षेचं सर्टिफिकेट आहे, सेबीची नोंदणी नाही. "सेबी सर्टिफाइड ट्रेनर" असं मोठ्या अक्षरात लिहिलं असेल तर पहिला प्रश्न तिथेच विचारायचा, नोंदणी नंबर काय?

पायरी २: दारातला फॉर्म

रजिस्ट्रेशन टेबलवर फॉर्म देतात. नाव आणि मोबाइल ठीक. पण खाली महिन्याचं उत्पन्न, नोकरी की धंदा की शेती, सध्या बचत कुठे आहे, क्रेडिट कार्ड आहे का, असं सगळं असतं. तुमच्यासाठी काय शिकवायचं हे ठरवायला ते नसतं, शेवटी टेबलवर तुमच्याकडून किती निघतील हे ठरवायला असतं. ते रकाने कोरे सोडा. कोणी हटकलं तर "नंतर भरतो" म्हणा आणि पुढे व्हा. बसताना कडेची खुर्ची पकडा, दाराजवळची. मधल्या रांगेतून उठून जायला माणसाला लाज वाटते.

पायरी ३: स्टेजवर काय चाललंय ते ओळखा

पहिले दोन तास मार्केट जवळजवळ नसतंच. गाणी मोठ्याने, टाळ्या, "पैसा पाहिजे का? आवाज नाही आला! हात वर करा!" असं दहा-पंधरा वेळा. प्रत्येक वेळी हात वर करून माणूस हो म्हणतो, आणि शेवटी किमतीला पण हो म्हणायची सवय झालेली असते. हात वर नाही केला तर कोणी दंड करत नाही, करून बघा.

मग येतो टोमण्यांचा भाग. नोकरी म्हणजे गुलामी, तुमच्या बापाने एफडी केली म्हणून तुम्ही इथे बसलात, पोरांना काय हेच देणार का. आपल्याकडे यात एक खास मसाला असतो. खान्देशात पतसंस्थांमध्ये लोकांच्या आयुष्यभराच्या ठेवी अडकल्या, अजून कितीतरी म्हाताऱ्या माणसांच्या कपाटात त्या पावत्या पडून आहेत. स्टेजवरचा माणूस बरोबर ती जखम धरतो, "दुसऱ्याच्या हातात पैसा दिला म्हणून बुडाला, आता स्वतःच शिका, पैसा स्वतःच्या हातात ठेवा". ऐकायला एकदम पटतं. फक्त तुमच्या हातात पैसा ठेवायच्या आधी त्यातला साठ-सत्तर हजार ते स्वतःच्या हातात घेऊन राहिले, हे त्या भरात लक्षात येत नाही.

मग चार्ट. जुन्या चार्टवर बाण काढून "इथे घेतलं असतं, इथे विकलं असतं, ४० टक्के" दाखवणं सगळ्यात सोपं काम आहे, कारण पुढे काय झालं ते आधीच माहीत आहे. तीच पद्धत जिथे फसली ते चार्ट दाखवत नाहीत. नफ्याचे स्क्रीनशॉट पण तसेच, कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये वेबपेजवरचे आकडे बदलून स्क्रीनशॉट काढायला अर्धा मिनिट लागतो. कोणी अगदी ब्रोकरची व्हेरिफाइड लिंक दाखवली तरी ती एका खात्याची आणि त्याने निवडलेल्या तारखांची असू शकते, दुसऱ्या खात्यात काय आहे कोणाला ठाऊक.

हे हवेत बोलत नाहीये. ऑक्टोबर २०२३ मध्ये सेबीने "बाप ऑफ चार्ट" नावाने कोर्स विकणाऱ्याविरुद्ध अंतरिम आदेश काढला आणि १७ कोटी २० लाख रुपये वेगळ्या खात्यात जमा करायला सांगितले. त्या आदेशात नोंद आहे की जानेवारी २०२१ ते जुलै २०२३ या काळात त्याला स्वतःच्या ट्रेडिंगमध्ये जवळपास २ कोटी ८९ लाखांचा निव्वळ तोटा होता. म्हणजे लोकांपुढे नफा, खात्यात तोटा, आणि कमाई कोर्समधून.

आणि एक आकडा लक्षात ठेवा, स्टेजवरून तो कोणी सांगणार नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ ला अभ्यास छापला, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे सौदे) करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के लोक तोट्यात, खर्च धरून सरासरी माणशी साधारण २ लाखांचा तोटा, आणि खर्च जाऊन १ लाखाच्या वर नफा कमावणारे फक्त १ टक्का. त्याआधी जुलै २०२४ च्या अभ्यासात साध्या इंट्राडेत, म्हणजे त्याच दिवशी शेअर घेऊन विकण्यात, पण १० पैकी ७ जण तोट्यातच होते. आता हॉलमध्ये दोनशे खुर्च्या असतील तर स्वतःच हिशोब करा.

मग स्टेजवर येतात ते "आपल्याच चोपड्याचा पोरगा, आधी मेडिकलवर होता, आता महिन्याला दीड लाख". असेल पण. पण त्याला पुढची बॅच भरायचं कमिशन मिळतं का, हे विचारा. तुम्हाला इथे घेऊन आलेल्या मास्तरांना किंवा एजंट भाऊंना पण विचारा, हसत हसत विचारा, "आप्पा, माझ्यामागे तुम्हाला काही सुटतं का?" उत्तर द्यायला वेळ लागला की समजायचं.

पायरी ४: किमतीचा खेळ

साधारण जेवणाच्या आधी, जेव्हा पोटात कावळे ओरडतात, तेव्हा स्लाइड येते. बेसिक कोर्स ५० हजार, ॲडव्हान्स ८० हजार, इंडिकेटर ४० हजार, आजीवन व्हॉट्सॲप ग्रुप ३० हजार, एकूण २ लाख, त्यावर लाल काट आणि खाली "आज फक्त ६० हजार, पहिल्या २० जणांसाठी". घड्याळ उलटं चालू. मागच्या टेबलकडे चार-पाच जण पळत जातात. ते कोण आहेत, खरे गिऱ्हाईक की त्यांचीच माणसं, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही, त्यामुळे त्यांच्याकडे बघून पळायचं नाही.

रावेर-यावलकडच्या माणसाला तर हे नव्याने सांगायची गरज नसावी. केळीचा व्यापारी बांधावर येऊन म्हणतो ना, "आजच कटनी करा, उद्या भाव पडणार", आणि आपण म्हणतो थांब, आधी बऱ्हाणपूरचा भाव बघू दे. तेच इथे करायचं. ते २ लाख ही किंमत कोणी कधी भरली का? नसेल तर सूट कसली. आणि पुढच्या महिन्यात धुळ्यात, त्याच्या पुढच्या महिन्यात नाशकात तीच स्लाइड, तेच घड्याळ लागणारच आहे. ऑनलाइन वेबिनारमध्ये असं खोटं घड्याळ लावून घाई करणं तर केंद्र सरकारच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नवरच्या, म्हणजे गिऱ्हाइकाला ऑनलाइन फसवायच्या युक्त्यांवरच्या, मार्गदर्शक सूचनांमध्ये नाव घेऊन मनाई केलेला प्रकार आहे.

आता त्या ६० हजाराचा हिशोब कागदावर मांडा. वर १८ टक्के जीएसटी, १०,८०० रुपये, म्हणजे ७०,८००. तुमच्याकडे ट्रेडिंगला १ लाख असतील तर नुसती फी वसूल करायला ७० टक्क्यांच्या वर नफा पाहिजे, तोही ब्रोकरेज, एसटीटी (शेअरच्या सौद्यावरचा कर), इन्कम टॅक्स सगळं जाऊन, आणि तोही अजून शिकत असताना. ५० हजार भांडवल असेल तर १४० टक्के. एवढा परतावा नेमाने काढणारा माणूस रविवारी हॉटेलच्या हॉलमध्ये घसा कोरडा करत बसला नसता असं मला वाटतं.

पायरी ५: मागचं टेबल

इथे सगळ्यात जास्त सावध. स्टेजवरचा माणूस दोनशे लोकांशी बोलतो, टेबलवरचा फक्त तुमच्याशी. खुर्ची ओढून, पाणी देऊन, "काका, तुमचं स्वप्न काय आहे?" इथून सुरू.

तुम्ही काही म्हटलं की त्याच्याकडे उत्तर तयार असतं. बायकोला विचारतो म्हटलं की "स्वतःचे निर्णय स्वतः घेत नाही का सर?" पैसे नाहीत म्हटलं की "नाहीत म्हणूनच तर शिकायचंय". विचार करतो म्हटलं की "विचार करणारे विचारच करत राहतात". याच्याशी वाद घालायचा नाही, कारण तुम्ही दिलेलं प्रत्येक कारण म्हणजे त्याला सोडवायला दिलेलं गणित. कारणच द्यायचं नाही. "आज भरत नाही." बस. परत विचारलं, परत तेच वाक्य, त्याच आवाजात. तिसऱ्या वेळेला उठायचं. उद्धटपणा वाटेल म्हणून आपली माणसं बसून राहतात, आपल्याकडे समोरच्याचं मन मोडायला जड जातं, पण त्याला महिन्याचं टार्गेट आहे, त्याचं मन मोडत नाही.

मग येतं टोकन. "बरं सर, ६० नका भरू, फक्त २ हजार भरून सीट लॉक करा." हे २ हजार तुम्हाला स्वस्त वाटतात पण एकदा भरले की बाकीच्यासाठी रोज फोन, आणि ते परत मिळत नाहीत असं बारीक अक्षरात कुठेतरी असतंच. टोकन पण नाही.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे कर्ज. "नो कॉस्ट ईएमआय आहे, महिन्याला फक्त ५ हजार." तुमचा फोन हातात घेतात, ॲप टाकतात, पॅन, आधार, सेल्फी, ओटीपी, झालं. नीट समजून घ्या, हे संस्थेकडे हप्त्याने फी भरणं नाही. हे एखाद्या फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं वैयक्तिक कर्ज आहे. फायनान्स कंपनी संस्थेला रक्कम लगेच देऊन टाकते, संस्था मोकळी, आणि क्लास बंद पडला, सर पळून गेले तरी हप्ता तुमच्या खात्यातून कटत राहतो, नाही कटला तर सिबिल खराब, आणि पुढे पीक कर्ज किंवा घराचं कर्ज मागायला गेलात की तिथे अडकतं. म्हणून फोन दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही आणि ओटीपी सांगायचा नाही, भले तो म्हणो "फक्त एलिजिबिलिटी चेक करतोय".

पायरी ६: काय विचारायचं

तिथे गेलाच आहात तर चार गोष्टी विचारून, शक्यतो व्हॉट्सॲपवर लेखी मागून घ्या. रिफंडचा नियम काय आणि तो बिलावर छापलेला आहे का. आपल्याकडे अशा कोर्सला "तीन दिवसांत परत केला की पैसे परत" असा सरसकट कायदेशीर हक्क नाही, त्यामुळे जे कागदावर आहे तेच खरं, तोंडी "मनी बॅक गॅरंटी"ला अर्थ नाही. दुसरं, जीएसटी नंबर असलेलं पक्कं बिल मिळेल का, आणि क्यूआर कोडवर जे नाव येतं ते बिलावरचंच आहे का की कोणाच्या तरी पर्सनल खात्यात पैसे चाललेत.

तिसरा प्रश्न, सरांचे गेल्या तीन वर्षांचे ट्रेडिंगचे इन्कम टॅक्स रिटर्न. एफ अँड ओचा नफा-तोटा आयटीआर-३ मध्ये धंद्याचं उत्पन्न म्हणून दिसतो. दाखवणार नाहीत बहुतेक, पण विचारल्यावर चेहरा बघण्यासारखा असतो.

चौथं, "आम्ही सल्ला देत नाही, फक्त शिक्षण देतो" असं म्हणत असतील तर मग ग्रुपवर उद्या काय घ्यायचं-विकायचं ते कॉल कसले? सेबीने २९ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं की फक्त शिक्षण देणाऱ्याने आदल्या तीन महिन्यांतले बाजारभाव वापरून कुठल्या शेअरचं नाव घेऊन पुढचा भाव किंवा सल्ला सांगायचा नाही. लाइव्ह मार्केटमध्ये "हा घ्या, तो विका" चालू असेल आणि नोंदणी नसेल तर ते शिक्षण नाही.

"तुम्ही फक्त पैसे ठेवा, ट्रेड आम्ही करू, महिन्याला ५ टक्के पक्के" किंवा डीमॅटचा आयडी-पासवर्ड मागितला, तर पुढचं काही ऐकायचंच नाही. हमखास परताव्याचं आश्वासन नोंदणीकृत सल्लागाराला पण देता येत नाही.

पायरी ७: घरी आल्यावर

दोन दिवस काही करू नका. फोन येतील, "सर तुमच्यासाठी सीट होल्ड केलीय", मग "मॅनेजरशी बोलून ४५ ला करून देतो", मग ३५. भाव एवढा पडतो यावरूनच आधीच्या ६० ची किंमत कळते. नंबर ब्लॉक करायला लाजू नका.

खरंच शिकायचं असेल तर त्याच दोन दिवसांत फुकटचं बघा. एनआयएसएमची सेबी इन्व्हेस्टर सर्टिफिकेशन परीक्षा फुकट आहे, अभ्यासाचं साहित्य पण फुकट. झिरोधा या ब्रोकरची व्हर्सिटी, म्हणजे ऑनलाइन धडे, फुकट आहे. कँडलस्टिक, सपोर्ट-रेझिस्टन्स, ऑप्शन म्हणजे काय, या ६० हजारातलं बरंचसं तिथे मिळतं. ते महिनाभर वाचून पण गोडी टिकली तर मग कोणाकडे शिकायचं ते बघू.

पायरी ८: पैसे आधीच भरले असतील तर

घरात कोणी भरून बसलं असेल तर पहिल्यांदा त्याला झापायचं थांबवा, कारण झापलं की माणूस कागद लपवतो आणि इथे कागदच लागतात.

कर्ज काढलं असेल तर आजच्या आज कर्जाचा केएफएस, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, ॲपमध्ये किंवा ईमेलमध्ये शोधा. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांत कूलिंग-ऑफची मुदत असते, त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंड न लागता कर्ज बंद करता येतं. मुदत फार छोटी असते, एक दिवसाची पण असू शकते, म्हणून "रविवार आहे, सोमवारी बघू" करायचं नाही. पैसे संस्थेकडे गेलेले असले तरी कर्ज बंद करायला रक्कम तुम्हालाच उभी करावी लागते, ती संस्थेकडून वसूल करायची लढाई वेगळी. मुदत गेली असेल तर रागाने हप्ता एकदम थांबवू नका, आधी फायनान्स कंपनीला लेखी कळवा की सेवा मिळालेली नाही, वाद चालू आहे. क्रेडिट कार्डने भरले असतील तर बँकेत डिस्प्यूट टाका, जेवढं लवकर तेवढं बरं.

संस्थेला ईमेल करा, फोन नाही. कधी, किती, कशासाठी भरले, काय सांगितलं होतं, काय मिळालं, आणि अमुक तारखेपर्यंत पैसे परत करा, एवढंच. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲप चॅट, पावती, बिल सगळं दुसऱ्या फोनवर पण ठेवा, कारण ग्रुपमधून काढून टाकतात आणि मेसेज डिलीट होतात.

उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आहे, तक्रार ऑनलाइन पण टाकता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षांची. तक्रारीत फक्त फीचं आणि खोट्या आश्वासनाचं लिहा, ट्रेडिंगमध्ये झालेला तोटा त्यात मिसळला की मूळ मुद्दा पातळ होतो.

नोंदणी नसताना टिप्स देत असतील तर सेबीला कळवा, टोल फ्री १८०० २६६ ७५७५. सेबीचं तक्रारींचं स्कोर्स पोर्टल मुख्यतः नोंदणीकृत संस्था आणि लिस्टेड कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे, त्यामुळे बिनानोंदणीवाल्याची तक्रार तिथे अडली तर गोंधळून जाऊ नका. ऑनलाइन फसवणूक असेल, म्हणजे खोटं ट्रेडिंग ॲप, पैसे काढताच येत नाहीत असं काही, तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, लगेच फोन, पहिल्या काही तासांत पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त. आणि "आम्ही ट्रेड करू, तुम्ही पैसे ठेवा" म्हणून रक्कम घेतली असेल तर पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा, तिथे जाताना तुमच्यासारखे अजून दोघं-तिघं सोबत न्या, एकट्याच्या अर्जापेक्षा चार जणांच्या अर्जाची दखल लवकर घेतली जाते. ते दोघं-तिघं शोधायला लांब जायची गरज नसते, तुम्हाला घेऊन गेलेल्या मास्तरांनी अजून कोणाकोणाला नेलं होतं तेवढं त्यांनाच विचारा.